पाणघोड्याच्या पाठीतून निघालेली मान

चिरंजीव धाकट्यास,

आक्काचे भरभरून आशीर्वाद. (नातवंडं झाली तरी तू चिरंजीवच. ते निदान पत्रात तरी चालवून घे.) गुडघा कसा आहे? जिना चढताना कटकट वाजतो असं भावजयीने फोनवर सांगितलं. दिवसभर गॅरेजमध्ये गाड्यांपुढे उकिडवं बसून रंगाचे फवारे मारणाऱ्याचा गुडघा दुसरं काय करणार? शेक घे, मलम चोळून घे आणि चोळताना विव्हळू नकोस, लहानपणी फार विव्हळायचास. माझी तब्येत ठणठणीत आहे. बोटं तेवढी जांभळी आहेत, पण तो रक्ताभिसरणाचा दोष नव्हे, शाईचा आहे.

मागच्या वेळी तू आलास तेव्हा मी तुला माझी शाईने रंगवलेली एक फरशी दाखवली होती. तू चष्मा कपाळावर चढवून वाकलास, बराच वेळ पाहिलंस, आणि असले डाग माझ्या गॅरेजभर पडलेत, पण ते बघायला मी पाहुणे बोलावत नाही, असं म्हणालास. सगळं घर हसलं. भावजयसुद्धा तोंडावर हात ठेवून हसली (तिला मी माफ केलंय, तिला तुझ्याबरोबर दिवस काढायचे आहेत). त्याच दिवशी मी मनाशी ठरवलं की या कलेच्या बाबतीत धाकट्याकडे एक शब्दही टाकायचा नाही. हे वाक्य लक्षात ठेव, पुढे लागेल.

तर ही शाई. ही पाण्यातली नव्हे, स्पिरिटातली. गुळगुळीत फरशीवर थेंब टाकला की तो पसरतो, आणि कुठवर पसरेल ते त्याचं त्यालाच ठाऊक. वरून नुसत्या स्पिरिटचा थेंब टाकला की रंग बाजूला सरतो आणि मधे पांढरं तळं उरतं. आता तू मला ओळखतोस. लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर म्हणून मी जन्म घालवला. मी पाऊल टाकलं की रडणारी पोरं गप्प व्हायची आणि हसणारे डॉक्टरही. त्या मला एका थेंबाने जुमानू नये? मी त्याला डोंगर व्हायला सांगायची आणि तो खुशाल गेंडा व्हायचा. आमचा शाईचा वर्ग घेणारे ड्रॉइंग मास्तर रोज सांगायचे, बाई, त्याला जायचंय तिथे जाऊ द्या. मी म्हणायची, मग मी इथे कशाला आहे?

आणि मुख्य घोटाळा हातांचा. काम संपलं की टेबल स्पिरिटने पुसायचं, ही माझी जन्माची सवय. पहिलं चित्र पूर्ण झालं, निळे डोंगर आणि त्यांच्याकडे रागाने बघणारा उंट. मी समाधानाने श्वास सोडला, कापसाचा बोळा घेतला आणि टेबल, ट्रे, उंट, डोंगर, सगळं लख्ख पुसून टाकलं. मास्तरांनी डोक्याला हात लावला. दुसऱ्या चित्राचंही तेच झालं. तिसऱ्या वेळी त्यांनी बोळाच लपवून ठेवला.

पण तुझी आक्का हार मानणारी नव्हे. मी ब्रश सोडला आणि माझी हत्यारं उचलली. सुई काढलेल्या सिरिंजने थेंब टाकायचा, सलाइनच्या नळीतून हलकी फुंकर घालायची. आधी डाग पडू द्यायचा, मग तो कोण आहे ते शांतपणे बघायचं आणि बारीक पेनने डोळे काढायचे. डोळे आले की डाग निमूट प्राणी होतो. अशा रीतीने माझ्याकडे मोजे घातलेला खेकडा झाला, झोपाळू पाणघोडा झाला, ढगावर चरणाऱ्या मेंढ्या झाल्या.

तेवढ्यात कळलं की आमच्या जुन्या वॉर्डातल्या इंजेक्शनच्या खोलीच्या भिंतीवर नव्या फरशा बसवताहेत. मी थेट मोठ्या डॉक्टरांकडे गेले आणि भिंत मागितली. त्यांनी आढेवेढे घेतले, मग अट घातली: महिनाभर बघू, मुलं आधीइतकीच रडली तर फरशा उचकटायच्या आणि पुन्हा पांढऱ्या लावायच्या. मी हो म्हटलं. धाकट्या, खरं सांगते, त्या खोलीत मी जन्मभर पोरांचे हात धरून ठेवले, म्हणून ती मला बघताच रडायची. एकदा तरी त्यांनी त्या खोलीत हसावं असं फार वाटत होतं.

मी झपाटल्यासारखी रंगवत सुटले. जिराफ एका फरशीत मावेना, म्हणून पाय एकीवर, मान दुसरीवर, डोकं तिसरीवर. कोल्ह्याची शेपटी शेजारच्या फरशीत गेली. कुठली कुठे लावायची याचे क्रमांक प्रत्येक फरशीच्या पाठीवर ठळक घातले. मग फरशा वॉर्डात जायच्या, सोबत जंतू जाऊ नयेत, म्हणून सगळ्यांच्या पाठी स्पिरिटने स्वच्छ पुसून दिल्या.

हो, क्रमांकांसकट. तू हसून घे, मी थांबते.

गवंड्याचा यात काही दोष नाही. त्याने बिचाऱ्याने रंगाला रंग जुळवला आणि आपल्या मते भिंत साजरी केली. दुसऱ्या दिवशी मी बघते तर पाणघोड्याच्या पाठीतून जिराफाची मान निघालेली, तिच्या टोकाला खेकड्याचे मोजे, आणि कोल्ह्याची शेपटी सूर्याला. माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. छिन्नी आणा, म्हणून मी ओरडले. नेमके तेव्हाच मोठे डॉक्टर आत आले, आणि त्यांच्यामागून वॉर्डात प्रसिद्ध असलेली चावरी. (ही एक चिमुरडी आहे. कंपाउंडरच्या मनगटावर तिचे दात आजही मोजता येतात.) मी मनात म्हटलं, संपलं.

चावरीने तोंड उघडलं, भिंत पाहिली, आणि तोंड तसंच उघडं राहिलं. मग म्हणाली, "ही मान याची नाहीये." आणि लागली की डोकं शोधायला. ड्यूटीवरची सिस्टर दंड पुसतेय, ही वरच्या रांगा धुंडाळतेय. सुई आत गेली, बाहेर आली, कापूस लागला. तिने वळूनसुद्धा न बघता सांगितलं, "हलवू नका ना, मला शोधू दे." डोकं अगदी खाली, मेंढ्यांच्या शेजारी सापडलं, तेव्हा ती खदखदून हसली. पुन्हा कधी यायचं, हे तिने स्वतःहून विचारलं. कंपाउंडर भिंतीला टेकून उभा राहिला. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

महिना संपला. फरशा जागच्या जागी आहेत. पोरं रांगेत एकमेकांना ढकलतात, आणि डोकं कुठे ते नव्या मुलाला सांगायचं नाही, असा नियम त्यांनीच केलाय. मोठे डॉक्टर कोल्हा शोधताना स्वतः पकडले गेले. गवंडी पाहुण्यांना आणून आपली भिंत म्हणून दाखवतो. मास्तर म्हणतात, रचना धाडसी आहे. मी सगळ्यांना सांगते की असंच योजलं होतं. खरं काय ते फक्त तुला ठाऊक आहे, ते पोटात ठेव.

तुझी विजयी
आक्का

ता. क. गुडघ्याला पट्टा बांधलास तर प्रवास झेपेल असं मला वाटतं.

ता. क. दुसरा. खालच्या रांगेतली पहिलीच फरशी, कोल्ह्याची शेपटी, परवा गेली. म्हणजे फरशी आहे, शेपटी नाही. इंजेक्शनच्या खोलीची भिंत रोज सकाळी स्पिरिटने पुसायची, हा त्या वॉर्डाचा कडक नियम आहे. नियम मीच केलेला आहे. पुसणाऱ्या मावशींना मीच तयार केलंय; त्या महिनाभर गावी होत्या आणि बदलीची बाई नुसत्या ओल्या फडक्यावर भागवायची, परवा त्या परतल्या. मी मधेच बोळा धरून त्यांना विनवलं, तर म्हणाल्या, सिस्टरांचा हुकूम आहे, कुणी सांगितलं तरी मोडायचा नाही, सिस्टरांनी सांगितलं तरी नाही. सध्या मी भल्या सकाळी जाऊन भिंतीसमोर खुर्ची टाकून बसते.

ता. क. तिसरा. फरशांवर शाई पक्की धरणारा लॅकरचा पारदर्शक थर हवा होता, हे मला माहीत होतं. ब्रशने लावून पाहिला, तर ब्रशबरोबर एक अख्खी मेंढी निघून आली. तो फवाऱ्यानेच मारावा लागतो, आणि फवारा आपल्या घराण्यात एकाच माणसाकडे आहे. तुझ्याकडे शब्द टाकायचा नाही असं मी ठरवलं होतं, आणि मी टाकत नाहीये. थोरली बहीण म्हणून सांगतेय. रविवारी खोली बंद असते, तेव्हा मशीन आणि गाड्यांचं ते चकाकीचं लॅकर घेऊन ये. मावशी पुसायला खालच्या रांगेपासून सुरुवात करतात, आणि जिराफाचं डोकं तिथेच आहे. चावरी मंगळवारी यायची आहे.