पटावर दोन मुली

७ जून १९०९

आज सामान लागलं. नागरवाड्याच्या पाठीमागचा खांचा. इथे बोळाला खांचा म्हणतात. दोन खोल्या, पुढे ओटा. यांची पादऱ्याहून बडोद्याच्या कचेरीत बदली झाली तेव्हाच मी सांगितलं होतं, घर लहान चालेल, पण सगळं पायी जाण्याजोगं हवं. यांनी तीन आठवडे वणवण केली. अकोट्याला मोठं घर मिळत होतं, पण ते नदीपलीकडे. हे आमच्या ऐपतीतलं आहे. कचेरी पाव तासावर, भाजी कोपऱ्यावर, विहीर दारात. आणि मुलींची शाळा एकशे बारा पावलांवर. मी स्वतः चालून पाहिलं.

समोरच्या रमावहिनी सुखडीची ताटली घेऊन आल्या आणि माझ्याच घरात मलाच बेसा, बेसा म्हणत बसवलं. त्या सांगत होत्या की या खांच्यात पोर हरवायचं ठरवलं तरी हरवत नाही, चार ओट्यांवरून चार बायका कान धरून घरी आणतात. नवरे मात्र हरवतात, त्यांचे गणपतराव पानाच्या गादीवर बसले की दोन-दोन तास सापडत नाहीत. मी किती दिवसांनी हसले. दुर्गी लगेच मुलींत सागरगोटे खेळायला बसली. सात वर्षांची आहे, पण आवाज साऱ्या खांच्याला पुरेल.

११ जून

हे कचेरीत असताना शाळाखात्याचा कारकून वही घेऊन ओट्यापाशी आला. महाराजांचा सक्तीच्या शिक्षणाचा कायदा आहे, घराघरांतल्या मुलांची यादी करायची होती. मुली किती, त्याने विचारलं.

मी दोन म्हटलं.

ठरवून म्हटलं असं नाही. निरुपमा, वय नऊ. दुर्गा, वय सात. त्याने लिहून घेतलं आणि बरोबर आहे ना म्हणून वाचून दाखवलं. चार महिने निरूचं नाव घरात कोणी घेत नाही. परक्याच्या तोंडून ते इतकं साधं, रोजच्यासारखं ऐकू आलं की मी त्याला गूळपाणी दिलं.

निरू फाल्गुनात गेली. गाठीचा ताप, दोन दिवस. पादऱ्याला शाळा ओढ्यापलीकडे होती, एकटीला कशी पाठवू म्हणून मी तिला घरीच ठेवलं. ती रोज पाटी मागायची. मी म्हणायची, पुढच्या वर्षी.

कागदावरच्या एका नावाने कोणाचं काय बिघडणार? यांना सांगितलं नाही.

१४ जून

दुर्गीला शाळेत पोचवलं. थोरली आजोळी गेली आहे असं मास्तरांना सांगायचं मनात होतं, पण जीभ वळली नाही.

दुपारी दुर्गी नाचत आली. नारायण मास्तरांनी म्हणे निरूताईचं नाव घेतलं आणि मागून कोणीतरी हजर म्हणालं. कोणत्या मेलीने चेष्टा केली कळलं नाही, म्हणाली. मी तिला चार-चार वेळा विचारलं, आवाज कसा होता. शेवटी ती चिडली. म्हणाली, निरूताईसारखा, आणखी कसा असणार?

२३ जून

विहिरीवर रमावहिनी म्हणाल्या, तुमची थोरली गुणाची हो, धाकटी मात्र दांडगोबा आहे. थोरली म्हणे भिंतीच्या कडेकडेने चालते, एक हात भिंतीवरून ओढत.

निरू तशीच चालायची. बोटांची टोकं चुन्याने कायम पांढरी.

बाई, ती आमची नव्हे, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं, हो, लहानपणापासून तशीच आहे. घरी आल्यावर दार लावून रडले. दुःखाने रडले असं लिहिलं तर ते खोटं होईल.

१ जुलै

शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर, माझ्या कमरेएवढ्या उंचीवर, बोटांच्या चार मळकट रेघा उमटल्या आहेत. मी त्यांच्यावर हात ठेवून उभी राहिले.

दुर्गी हल्ली गप्प असते. म्हणते, मुली निरूताईलाच खेळायला घेतात, माझी पाळी येतच नाही. मास्तर माझं नाव शेवटी घेतात. मी हजर म्हणते तरी वर बघत नाहीत.

आई, तू त्यांना सांग ना, म्हणाली.

८ जुलै

शाळेतून चिठ्ठी आली. कुमारी दुर्गा आठ दिवस गैरहजर. मी रोज माझ्या हाताने तिची वेणी घालून पाठवते.

तशीच गेले. नारायण मास्तर वयस्क, मायाळू माणूस. त्यांनी हजेरीचा पट उघडून दाखवला. निरूच्या नावापुढे एक दिवस मोकळा नाही. दुर्गीची ओळ कोरी. म्हणाले, बाई, थोरलीचं बघून तरी धाकटीला पाठवा, ही आता जोडाक्षरं वाचते.

दुर्गी तिथेच होती. दुसऱ्या रांगेत, मांडीवर पाटी. मी बोट दाखवलं. मास्तरांनी त्या दिशेला पाहिलं आणि माझ्याकडे पाहून विचारलं, काय, बाई?

मी घरातून एकच मुलगी पाठवते. पटाला दोन हव्यात. त्याने त्या एकीच्या जागी थोरली घेतली.

१२ जुलै

रमावहिनींनी मुलींना प्रसाद वाटला. दुर्गीचा हात पुढे तसाच राहिला. त्या तिच्यासमोरून तशाच पुढे गेल्या. एवढी भांडकुदळ पोर, पण हात परकराला पुसला आणि घरी आली.

संध्याकाळी यांनी जेवताना विचारलं, निरू जेवली का? सहज विचारलं. ज्यांनी तिला स्वतःच्या हातांवर उचलून नेलं, त्यांनी. मी सगळं सांगून टाकलं, यादीपासून. यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाले, तू दमली आहेस. दुर्गा कोण, असं मात्र विचारलं नाही. अजून.

१५ जुलै

शाळेत गेले. म्हटलं, निरुपमाचं नाव काढा. मास्तर म्हणाले, कारण लागतं. गाव सोडलं, लग्न झालं किंवा मयत. नाव तुम्ही दिलंत, कारणही तुम्हीच सांगा, मी लिहून घेतो.

एकच शब्द. दुर्गी माझा पदर धरून उभी होती, आणि पदराला ओढ लागत नव्हती.

तोंड उघडलं. आतून मुलींचं वाचन चालू होतं, त्यात एक आवाज – अडखळायचा, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. किती आवडीने वाचत होती. मी तिला एक वर्ष थांब म्हटलं होतं –

नाही सांगता आलं. मास्तरांना दया आली. म्हणाले, बोलवत नसेल तर दोन ओळी लिहून पाठवा.

१६ जुलै

दुर्गीला कडेवर घेतलं. वजन नाही. भिंतीवर सावली – माझ्या एकटीचीच.

म्हणाली, आई, माझं नाव घेत राहा.

घेते आहे. सकाळपासून घेते आहे. मध्येच आठवावं लागतं –

१७ जुलै

चिठ्ठी लिहायला बसले आहे. आधी इथे लिहून बघते, मग कागदावर. दुर्गी मांडीवर. मांडी ऊबदार लागते, म्हणजे आहे.

रा. रा. नारायण मास्तर यांस –

शाळा सुटली. भिंतीवरून हात घासत येतो आहे. ओट्यापर्यंत आला. आत –

वर बघायचं नाही. लिहायचं.

माझी थोरली मुलगी निरुपमा ही

खांद्याशी श्वास. अक्षराखाली बोट. पांढरं टोक. ती वाचते आहे – मा, झी – अडखळून पुन्हा पहिल्यापासून. माझी थोरली मुलगी निरुपमा ही. सगळं वाचलं. चुकली नाही. केवढी खूश –

पुढे काय लिहितेस, विचारते.

दुर्गीचा हात धरला आहे. धरला आहे ना? दुर्गे – दुर्गे –

लिहिते. बाळा, वाचू नकोस. एवढं एकच नको वाचू –

माझी थोरली मुलगी निरुपमा ही गेल्या फाल्गुनात