उजव्या दिव्यामागची फट

४ नोव्हेंबर, मंगळवार

मनुष्यजातीची अधोगती कुठवर आली याची नोंद कुणीतरी ठेवायला हवी, म्हणून ठेवतो. आज मला स्वतःच्या गाडीचा बल्ब बदलता आला नाही!

बल्ब म्हणजे अंगठ्याएवढी वस्तू. दुकानात मिळते, खिशात मावते, घरापर्यंत येते. फक्त जिथे जायची तिथे जात नाही. बॉनेट उघडलं तर उजव्या हेडलाइटच्या पाठीला पाठ लावून बॅटरी उभी. मधल्या फटीत माझा हात मनगटापर्यंत शिरतो आणि तिथे त्याची यात्रा संपते. बल्बवरची रबरी टोपी बोटांना लागते तेव्हा दिसत नाही, आणि दिसते तेव्हा हात बाहेर असतो. ब्रह्माबद्दल मी वर्गात इतकी वर्षं जे शिकवत आलो, ते आज प्रथमच नीट कळलं.

गाडीबरोबर आलेली पुस्तिका काढली. गाण्यांचा आवाज कमीजास्त कसा करावा यावर पानंच्या पानं. बल्बवर एकच सूत्र – अधिकृत सेवाकेंद्राशी संपर्क साधावा. सूत्र थोडक्यात असावं हे मान्य. पण भाष्यकार कुठे गेले?

ही खिडकीतून बघत होती. म्हणाली, पंडित, हात आतच राहिला तर तेवढा कापून ठेव, मला गाडी न्यायचीय.

तीच तर पंचाईत आहे. ही दुपारी हॉस्पिटलला जाते, तिथल्या औषधांच्या खिडकीवर पाळी असते. परत निघते तेव्हा काळोख. पुलापलीकडच्या रस्त्यावर दिव्याचं नाव नाही. एका दिव्यावर तिने तिथून यावं हे मला सोसवत नाही. दिवा लागेपर्यंत बसने जा म्हणालो. गाडी तशी तिचीच. मी शेजारी बसून सूचना देणारा.

५ नोव्हेंबर, बुधवार

मनगट सुजलं आहे. ही बसने गेली. जाताना दाराला जे बोलली ते माझ्यासाठी होतं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

दुसरी स्वारी. आधी एक व्हिडिओ पाहिला. त्यातला माणूस चाक वळवून, चाकावरचं काळं प्लॅस्टिक सोडवून मागच्या अंगाने हात घालतो आणि सगळा वेळ हसतो. मीही चाक वळवलं. प्लॅस्टिक सोडवताना दोन क्लिपा उडून शेजाऱ्यांच्या कुंडीत गेल्या. पण हात पोचला! टोपी निघाली, तारेची अडकण निघाली, जुना बल्ब हातात आला. दुकानदाराने बजावलं होतं की नव्या बल्बच्या काचेला बोट लावू नका, घामाचा डाग पडला की तो टिकत नाही. म्हणून मी तो सोवळ्यातल्यासारखा कागदात धरला. कागद निसटला.

बल्ब जमिनीवर पडला नाही. गाडीच्या पोटात कुठेतरी आहे. गाडी हलवली की खुळखुळतो.

हिला सांगितलं. ती पोट धरून हसली. मग माझ्या मनगटाला मलम चोळून दिलं. हसणं चालूच.

८ नोव्हेंबर, शनिवार

शरण गेलो. मेकॅनिक म्हणाला, या गाडीला बंपर उतरवल्याशिवाय गत्यंतर नाही. (त्याचा शब्द 'पर्याय'. माझी खोड जात नाही.) मुखवटा काढावा तसा अख्खा बंपर काढून त्याने फरशीवर ठेवला. गाडी अगदी दीनवाणी दिसायला लागली. माझा बल्ब मिळाला, फुटलेला.

मग त्याने मला खाली वाकून बघायला लावलं. आतली लोखंडी पट्टी वाकलेली, हेडलाइट अडकवायचा एक कान तुटलेला. बंपर प्लॅस्टिकचा, दबतो आणि पुन्हा फुगतो, त्यामुळे बाहेरून नुसता ओरखडा.

"सर, बल्ब आपोआप नाही गेला. गाडी कुठेतरी चांगली आपटलीय."

मी म्हणालो, शक्य नाही, गाडी बायको चालवते. तो हसला नाही, हे त्याचं सौजन्य.

घरी येऊन हिला विचारलं. तिने वर्तमानपत्रातून मान वर केली. मी? गाडी लागली असती तर मला नसतं कळलं? तूच कुठेतरी ठोकली असशील आणि समास सोडवत घरी आला असशील. – इतक्या खात्रीने म्हणाली की क्षणभर मलाच माझा संशय आला.

शेवटी ठरलं ते असं की हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये कुणीतरी गाडी मागे घेताना धडक देऊन पळाला. दिवा मात्र झकास लागतो.

९ नोव्हेंबर, रविवार

त्या अज्ञात पळपुट्याला देण्यासाठी शिव्या जमवतो आहे. सगळ्या संस्कृत. त्याला समजणार नाहीत, पण मला बरं वाटेल.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी, हिची कामाची वेळ नसताना, पार्किंगच्या वॉचमनला गाठलं. चांगलं खडसवायचं म्हणून गेलो होतो. त्याने शांतपणे मला कोपऱ्यातल्या खांबाकडे नेलं. खांबावर आमच्या गाडीचा निळा रंग!

म्हणाला, ताईंचीच गाडी लागली, गेल्या आठवड्यात. मोठा आवाज झाला म्हणून मी धावलो. लागलं नाही त्यांना. खाली उतरल्या, गाडी पाहिली, खांबाला हात लावला आणि हसत म्हणाल्या – "आता आमचे पंडित महिनाभर मला चिडवणार."

परतताना बसमध्ये एकटाच हसत होतो. सापडली! समास सोडवत म्हणे! रात्री जेवताना काय काय बोलायचं याची सगळी जुळणी केली आहे. आधी खांबाच्या प्रकृतीची चौकशी करायची. आणि माझ्यावर आळ घेतल्याबद्दल लेखी माफी. खोटं बोलणं हिला इतकं छान जमतं हे मला लग्नाआधी कळायला हवं होतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

काल जेवताना खांबाची प्रकृती विचारली. ती म्हणाली, कुठला खांब?

मी सगळं सांगितलं. वॉचमन, निळा रंग, तिचं स्वतःचं वाक्य. ती ओशाळली नाही, हसलीही नाही. लक्ष देऊन ऐकत राहिली, दुसऱ्या कुणाची हकीकत ऐकावी तशी. मग म्हणाली, "पंडित, असा काय बघतोयस माझ्याकडे?"

आज गाडी मीच चालवली. नव्या दिव्याचा उजेड कसा पडतो ते बघतो म्हणालो – भर दुपारी. तिने किल्ली दिली. औषधांच्या खिडकीवर रांग होती. कुणाला कुठली गोळी किती वेळा, हे ती समजावून सांगायला लागली. मी बराच वेळ बाहेर उभा होतो.

ती खोटं बोलत नव्हती. मला त्याचीच भीती वाटते आहे.