सात नंबर, परत ५.१०

२ मे २००४, रविवार
आज खडकवासल्याला धरणाकाठी राहायला आलो. ह्यांची मार्केट यार्डातली हमाली सुटली, बोट क्लबात वॉचमनची नोकरी मिळाली. दोन खोल्या, पाणी भरपूर. पूर्वेच्या भिंतीला बुद्धांची तसबीर लावली, पंचशील म्हटलं. मॅनेजर माधवराव माझी हिशेबाची वही बघून म्हणाले, क्लबात पहिल्यांदाच वाचता येणारं अक्षर आलंय. होड्यांची नोंदवही माझ्याकडे दिली: कोण गेलं, किती वाजता परत.

९ मे
कॉम्प्युटर कंपनीतल्या चैताली मॅडम दर रविवारी एकट्याच सात नंबरची शिडाची होडी नेतात. आज विचारत होत्या, काकू, बुडाले तर कुठल्या रकान्यात लिहाल? म्हटलं, नवा रकाना आखायला शाई फुकट येत नाही, तुम्ही आपल्या परत या. खूप हसल्या.

१६ मे
लांबवर शीड काठाकडे वळलेलं दिसलं. आल्याच, म्हणून आधीच लिहून टाकलं: सात नंबर, परत ५.१०. कुरडयांचं वाळवण उचलायला धावले. तेवढ्यात वादळ. पाणी काळं, समोरचं काही दिसेना. माधवरावांनी वही पाहिली, सगळे परत, फाटकाला कुलूप घातलं.

१७ मे
सात नंबर जागेवर नाही. मॅडम घरी पोचलेल्या नाहीत. माधवराव पोलिसांना वही दाखवतात: बाई परतल्या होत्या, होडी नंतर चोरीला गेली. सगळे रस्ते शोधताहेत. पाण्यात कोणीच शोधत नाही. खरं सांगितलं तर ह्यांची नोकरी जाईल. पंचशील म्हणताना चौथ्याला, खोटं न बोलण्याच्या शीलाला, जीभ अडली.

१९ मे
पाच दहाला शीड दिसतं. वळतं. काठाला लागत नाही. आणि वहीत रोज नवी ओळ – सात नंबर, परत ५.१०. अक्षर माझं. शाई ओली. मी लिहिलेली नाही.

२० मे
खोडलं. बोटांना शेवाळाचा वास –

२१ मे
ह्यांना सगळं सांगितलं. एवढे दिवस गप्प का बसलीस, इतकंच म्हणाले. तीन नंबरची वल्ह्याची होडी घेऊन मॅडमना शोधायला गेले. पाय काठाला लागेपर्यंत परतची वेळ लिहायची नाही, ठरवलंय.

पाच वाजले. आभाळ तसंच भरलंय. वही उघडली –
ह्यांचं नाव: सुखदेव, परत ५.१०.
खोडतेय, जात नाही –
पाच नऊ. शीड वळलं. आज काठापर्यंत येतंय. पण ह्यांच्या होडीला शीड नव्हतं. ही सात नंबर. आत दोघं. मॅडम हात हलवताहेत, आणि हे –