वडाऐवजी कौरी

अल्बनी, ऑकलंड
१४ मे २००६

ती. सौ. मृदुलाताईस,
वासंतीचा सा. न. वि. वि.

तुझी मेतकुटाची पुडी पोचली. कस्टमवाल्यांनी फोडून, वास घेऊन, पुन्हा नीट चिकटवून पाठवली. बिचारे.

यांच्या बायपासला तीन महिने झाले. इथल्या डॉक्टरांचे आणि नर्सेसचे उपकार फिटायचे नाहीत. जखम भरली, पण भीती काही जात नाही. रोज चालायला सांगितलंय, तर हे गेटपर्यंतसुद्धा जात नाहीत. छातीवर हात ठेवून खिडकीशी बसतात. आग्रह केला की म्हणतात, मला पोचवायची तुला एवढी घाई झाली आहे का. श्रीनाथ आणि सूनबाई सांगून थकली. अशाने हे कायमचे त्या खुर्चीचे होतील, या विचाराने माझा जीव थाऱ्यावर नसतो.

वटपौर्णिमा आली. इथे वड कुठून आणू? बाकीच्या बायका कागदावर चित्र काढून पूजतात. माझं मन घेत नाही.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझी,
वासंती


पुणे
२६ मे २००६

चि. सौ. वासंतीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कॉन्व्हेंटच्या शाळेत शिकलीस आणि आता परदेशात वड शोधत फिरतेस, गंमत आहे. अगं, आपल्या आईने वड नव्हता त्या वर्षी चिंचेला सूत गुंडाळलं होतं. बाबा चांगले ऐंशी वर्षांचे होऊन गेले. तुमच्या देशात जुनी झाडं थोडी का आहेत? त्यातलं सगळ्यात म्हातारं बघ आणि त्यालाच नमस्कार कर.

आणि प्रकाशरावांना बरोबर ने. ज्यांच्यासाठी उपास, ते घरात बसून चहा पितात, हे मला कधीच पटलं नाही. मेव्हणीचा हुकूम आहे म्हणावं.

तुझ्या दुखऱ्या गुडघ्याला जप. आठवण ठेवतेस, तशीच ठेव.
तुझी,
मृदुलाताई


अल्बनी, ऑकलंड
१२ जून २००६

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा हुकूम लागू पडला. काल रविवार होता, श्रीनाथने आम्हाला वॉर्कवर्थजवळच्या कौरीच्या, म्हणजे इथल्या जुन्या उंच झाडांच्या, रानात नेलं. हे गाडीत बसायला तयार झाले, ते उतरायचं नाही या अटीवर.

ताई, काय ते झाड! वाटेच्या तोंडाशीच उभं. आठशे वर्षांचं म्हणतात. खोड इतकं रुंद की आपल्या सगळ्या माहेरवाशिणी हात धरून उभ्या राहिल्या तरी पुरणार नाहीत. ते बघायला मात्र हे उतरले आणि समोरच्या बाकावर बसले. मी सुताची गुंडी काढली, साडी सावरली आणि कठड्यावरून पाय टाकला. तेवढ्यात तिथली देखरेख करणारी एक पांढऱ्या केसांची बाई कियोरा, म्हणजे इथला नमस्कार, म्हणत धावत आली. कौरीची मुळं मातीच्या अगदी वर असतात, माणसाचा पाय पडला तरी झाड आजारी पडतं, असं तिने हळुवारपणे समजावलं. मी कशासाठी आले ते ऐकून तिने यांच्याकडे पाहिलं आणि हसली. म्हणाली, लाकडी वाट सगळ्या रानाला वळसा घालून इथेच परत येते, तेव्हा सगळ्याच झाडांना फेरी घाल.

सूत पिशवीत ठेवलं आणि निघाले. सात घालायच्या ठरवल्या होत्या. पहिल्या फेरीच्या शेवटालाच गुडघा बोलू लागला, तरी कठडा धरून दुसरीला वळले. तशी मागून हाक आली. हे उठून उभे होते. रागावून म्हणाले की पायाचा भुगा झाल्यावर तुला उचलणार कोण, माझ्या छातीत आता तेवढा दम आहे का? असं बोलत बोलत आले आणि माझं कोपर धरलं. मग उगाच पुढे चालू लागले. श्रीनाथ मागे राहिला, त्याला कळलं. उंचावर कुठे तरी पक्षी घंटेसारखे वाजत होते. अर्ध्या वाटेवर यांनी छातीवरचा हात काढला आणि कठड्यावर ठेवला. दोन फेऱ्यांवर मी व्रत उरकलं, देवाने चालवून घ्यावं.

त्या बाईचं नावसुद्धा मी विचारलं नाही, याची हळहळ वाटते. तिला आणि तुला मनोमन नमस्कार केला.

आज सकाळी उठले तर खुर्ची रिकामी. मी सगळ्या खोल्या शोधल्या. थोड्या वेळाने हे दारातून आत आले, कानटोपी घालून, कोपऱ्यावरच्या डेअरीतून (इथे वाण्याच्या दुकानाला डेअरी म्हणतात) पाव घेऊन. घरात दोन पाव होतेच. मी तिसरा ठेवून घेतला आणि चहाचं आधण टाकलं.

तुझी माया अशीच टपालाने येत राहो.
तुझी,
वासंती