बाटलीवरचे आबा

टाकवे बुद्रुक,
रविवार, विहारातून परत आल्या आल्या

चि. हिरास बाजीदादाचा सप्रेम जयभीम.

तू, लेक अनघा आणि नवीन पाहुणा (नाव ठरलं का? ठरलं नसेल तर सुरजला विचारू नका, तो हल्ली नावं कशी ठेवतो ते पुढे येईलच) तिघंही खुशाल असाल अशी आशा करतो. अनघाला डिंकाचे लाडू उष्ण तर पडत नाहीत ना? नाशकात ऊन फार, म्हणून विचारलं. बाळाच्या टाळूवर तेल कोमट करूनच घालत जा. माझे गुडघे होते तसेच आहेत. बीपी मात्र गोळीने जागेवर राहत होतं ते आता राहत नाही, आणि त्याचं कारण सांगायलाच हे पत्र. फोनवर सांगता आलं असतं, पण तू फोन स्पीकरवर टाकून भाकरी थापत बसतेस आणि विहीणबाई शेजारी लसूण सोलत सगळं ऐकतात. म्हणून हे पत्र एकटीने वाच. वाचून झालं की बाळाच्या दुपट्यात ठेव, तिथे कुणी हात घालणार नाही.

तर हिरे, बातमी अशी आहे की तुझ्या सख्ख्या भावाचं थोबाड दारूच्या बाटलीवर छापलं गेलंय आणि छापणारे तुझे चिरंजीव सुरजराव आहेत. (दारू नाही मामा, वाईन म्हणा, असं तो मला रोज सांगतो. मी रोज दारूच म्हणतो.) मी लोणावळ्याच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालो तेव्हापासून या गावात एकच काम केलं, ते म्हणजे लोकांना पिऊ नका म्हणून सांगणं. पोरांना पाचवं शील नुसतं पाठ करून चालत नाही, ते पाळायचंही असतं, हे सांगून सांगून माझा घसा बसला. दर बुद्धपौर्णिमेला विहारात व्यसनमुक्तीवर माझंच भाषण असतं. लोक ऐकतात, टाळ्या वाजवतात, आणि निम्मे तिथूनच परस्पर नाक्यावर जातात, ते वेगळं. पण भाषण माझंच असतं.

आता पहिल्यापासून सांगतो. सुरजने गेल्या हंगामात जांभळाची वाईन घातली ते तुला ठाऊक आहे. (तुझ्या पातळावरचे डाग अजून गेले नसतील.) वाईन चांगली उतरली म्हणतात. मी वासावरून मत देत नाही. त्याने ती बुटक्या बाटल्यांत भरली, वर खोकल्याच्या औषधाला असतं तसलं फिरकीचं झाकण लावलं, शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंकडून जांभळांचा एक घोस काढून घेतला आणि खाली सरळ छापलं : जांभळाची वाईन, टाकवे बुद्रुक. इतकी खरं बोलणारी बाटली मी उभ्या जन्मात पाहिली नाही, आणि ती अजिबात खपली नाही. आपल्याकडे बाटलीवर जांभूळ दिसलं की माणसाला आधी शुगर आठवते. लोणावळ्याच्या पवनशेठच्या दुकानात गिऱ्हाईक बाटली उचलायचं, उलटसुलट बघायचं आणि ही जेवणाआधी घ्यायची की नंतर, असं विचारायचं. आपल्या लीलाबाईंनी तर जावयाला रोज चमचा चमचा द्यायला म्हणून सुरजकडे दोन बाटल्या मागितल्या. सुरज कपाळाला हात लावून बसला होता आणि मी मनातल्या मनात खूष होतो. वाटलं, पोरगं आता वठणीवर येईल आणि तळेगावच्या कंपनीत सरळ नोकरी धरेल.

पण पोरगं पुण्याला गेलं आणि अश्लेषा नावाची एक मुलगी घेऊन आलं. (घाबरू नकोस, तसलं काही नाही. तिचं लग्न झालेलं आहे.) ही मुलगी बाटल्यांना कपडे शिवते म्हण ना. तिने सुरजच्या वाईनच्या शेडमध्ये खुर्ची टाकून आम्हाला समजावलं की वाईन जिभेने विकत घेतली जात नाही, डोळ्याने घेतली जाते. जिभेची पाळी येते तेव्हा पैसे देऊन झालेले असतात. मग तिने नवी बाटली काढली. उंच, काळपट काचेची, जाडजूड. बुडाला आत गेलेला खळगा असा की त्यात माझी मूठ बसेल. रिकामी बाटली हातात घेतली तरी भरलेली वाटते, आणि भरलेली घेतली की आपण काहीतरी थोर खरेदी करतोय असं माणसाला वाटतं. फिरकीचं झाकण काढून तिने बूच बसवलं. का, तर उघडताना आवाज झाला पाहिजे. लेबलाचा कागद कडेने फाटका. आधी सरळ कापलेला चांगला कागद घ्यायचा, तो मशीनवर घालून फाडून घ्यायचा आणि फाडणावळ वेगळी द्यायची. आपल्या आईने जुन्या वह्यांचे कागद असे फाडले असते तर आपण तिला बोल लावला असता, आणि इथे त्याला कला म्हणतात.

सुरज बी.एस्सी. झालेला आहे, त्याने प्रयोग करून पाहिला. पवनशेठच्या ओळखीचे चार शहरी पाहुणे शेडमध्ये बोलावले आणि एकाच पिंपातली वाईन दोन्ही बाटल्यांतून ओतून दिली. बुटक्या बाटलीतली घेताना त्यांनी एरंडेल घेतल्यासारखी तोंडं केली. उंच बाटलीतली घेताना डोळे मिटले. टोपीवाला एक गृहस्थ तर पेला नाकाशी धरून, डोळे मिटून हुंगत राहिला आणि मग म्हणाला की हिच्यात ओल्या रानातल्या मातीचा गंध आहे. हिरे, मी त्याच्या मागेच उभा होतो आणि थेट भाताच्या खाचरातून आलो होतो. तो गंध माझ्या चपलांचा होता.

मग अश्लेषाबाई म्हणाल्या की बाटली झाली, आता कथा पाहिजे. जांभूळ ही कथा नव्हे. लेबलावर भाजेच्या बौद्ध लेण्यांचं चित्र टाकावं अशी एक सूचना आली तेव्हा मी एवढंच म्हणालो की शेडला आग लावीन. सूचना मागे घेतली. इंदुरीच्या किल्ल्याचं नाव निघालं तर सुरजच घाबरला, म्हणाला, निम्मा तालुका काठ्या घेऊन येईल. असं त्यांचं अडलेलं असताना एके दिवशी सकाळी मी रोजच्यासारखा त्याला शेवटचं समजवायला गेलो. दारात उभा राहिलो, डोळे वटारले, उजवा पंजा वर केला आणि ‘नको म्हणजे नको’ असं ओरडलो. त्या मुलीने तेवढ्यात मोबाईलवर फोटो काढला. मला वाटलं, मान ठेवून काढला असेल.

पुढच्या आठवड्यात ती घरी आली. (मी चहा दिला, तुझ्या हातच्या शेवया खायला घातल्या.) तिने मोठा कागद माझ्यापुढे उलगडला. वर माझा चेहरा, कपाळावर आठ्या, मिशा फेंदारलेल्या, पुढे आलेला पंजा. खाली ठळक अक्षरात, गाव मला हाक मारतं तेच नाव घेऊन, छापलेलं : ‘आबा नको म्हणतात’. आता तूच सांग, मी काय समजायचं? इतकी वर्षं विहारासाठी व्यसनमुक्तीची पोस्टरं मी स्वतः रंगवली, त्यात कवटी काढली, मोडलेला संसार काढला, पण एवढं जोरकस पोस्टर मला कधी जमलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. ‘नको’ हा शब्द आणखी मोठा कर, असंही सुचवलं. आणि एवढ्यावर न थांबता तुझ्या शहाण्या भावाने भर ओसरीत जाहीर केलं की सिगारेटच्या पाकिटावर इशारा छापतात तसं हे प्रत्येक बाटलीवर छापलं पाहिजे! तिने विचारलं, नक्की का आबा? मी म्हणालो, नक्की, एकही बाटली सोडू नकोस. ते सगळं तिने मोबाईलवर रेकॉर्ड करून घेतलेलं आहे. आवाज स्वच्छ आला आहे. मी ऐकला.

त्यांनी एकही बाटली सोडली नाही.

आता लोणावळ्यात माझी दशा ऐक. शनिवार-रविवारी आलेली तरणी पोरं पवनशेठच्या दुकानातून माझं तोंड मुठीत धरून बाहेर पडतात. पेला उचलायच्या आधी पंजा वर करतात, सगळे मिळून ‘आबा नको म्हणतात’ असं ओरडतात आणि मग पितात. चिक्की घ्यायला गेलो तर एका जोडप्याने मला ओळखलं आणि आम्हाला जरा रागवा ना, म्हणून हट्ट धरला. मी खरोखर रागावलो. त्यांच्या आईवडिलांचा उद्धार केला. त्यांनी त्याचा व्हिडिओ काढला, आणि पुढच्या दोन दिवसांत पवनशेठकडचा माल संपला. तेव्हा मी ठरवलं की आता गप्प बसायचं नाही. सरळ दुकानाच्या पायरीवर उभा राहिलो आणि येईल त्या गिऱ्हाइकाला परत फिरवू लागलो. एकही फिरलं नाही. उलट रस्त्यापर्यंत रांग लागली. पवनशेठ आतून खुर्ची घेऊन आला, वर पंखा लावला आणि म्हणाला, ‘आबा, दर शनिवारी येत जा. जेवणाचं मी बघतो.’ मी इतकी वर्षं दारूच्या विरोधात बोलतोय, पण मला खुर्ची आणि पंखा पहिल्यांदाच मिळाला.

हे सगळं मी हसून लिहितोय. पण गेल्या रविवारी विहारात जे झालं त्यावर मला हसता येत नाही. पंचशील म्हणत होतो. पाचव्या शिलाशी आलो तेव्हा मागच्या ओळीत कुणीतरी फिस्सकन हसलं. वंदना संपल्यावर समितीचा सखाराम मला बाजूला घेऊन गेला. तो म्हणाला, ‘आबा, तुमच्यावर आमचा काय बी राग न्हाई. पर पुनवंला तुमी हुबं राहिलात तर लोक बाटली आठवून हसत्याल. यंदा दुसरं कुनी बोलू द्या.’ मी बरं म्हणालो. घरी आलो आणि भाकरी गोड लागली नाही. हिरे, मला फार वाईट वाटलं. माणूस पिऊन झिंगला आणि त्याचं भाषण काढून घेतलं, तर समजू शकतो. माझं भाषण एक थेंब न पिता गेलं.

तसाच उठून सुरजला गाठलं आणि तोंडाला येईल ते बोललो. पोरगं खाली मान घालून ऐकत होतं. (ते वाईट नाही, हे मलाही कळतं. स्वतः थेंब पीत नाही, शेडमधल्या बायांना वेळच्या वेळी मजुरी देतं.) शेवटी एवढंच म्हणालं, ‘मामा, फोटू तुमचा, हात तुमचा, शब्द बी तुमचाच. ह्यात मी खोटं काय छापलं?’ मी चपला घालून घरी निघालो. जांभळाचं खरं चित्र छापलं तर लोकांना औषध वाटलं. माझा खरा राग छापला तर लोकांना गंमत वाटली. या लोकांना खरं सांगायचं तरी कसं, ते त्या अश्लेषालाच विचारायला हवं.

तेव्हा तू आई आहेस, तुझा शब्द तो मोडणार नाही. पौर्णिमेच्या आत माझं तोंड बाटलीवरून उतरलं पाहिजे. मला माझं भाषण परत पाहिजे. अनघाला आशीर्वाद, बाळाला गोड पापा, जावईबापूंना जयभीम, आणि विहीणबाईंना या पत्रातलं काहीही सांगू नये.

तुझा,
बाजीदादा

ता. क. : एक वर लिहायचं राहिलं, काल सुरज येऊन गेला. मला उतरवायला तो तयार आहे. अट एकच, बाटलीवर माझ्या जागी घरातलंच कुणीतरी पाहिजे, कारण आता गिऱ्हाइकांना आमच्या घराची सवय झालीय. त्याच्या मोबाईलमध्ये अनघाच्या साखरपुड्यातला तुझा फोटो आहे, तोंडाला पदर लावून हसतेस तो. अश्लेषाला तो भलताच आवडला. करवंदाची गोड वाईन येतेय, तिच्यावर तू आणि खाली ‘आई व्हय म्हणते’. मी अर्थातच खवळलो. चहा घेतल्यावर जरा विचार केला. तू कधी भाषणं करत नाहीस. तू कुठल्या समितीवर नाहीस. तुला नाशकात ओळखतं कोण? आणि तो फोटो, खरं सांगतो, छान आहे. तर तेवढी तुझी परवानगी कळव. तसं पाहिलं तर पत्र त्याचसाठी लिहायला घेतलं होतं, पण एकदम कसं विचारायचं म्हणून आधी खुशाली विचारली.

ता. क. दुसरा : आई नाही म्हणाली तर काय करशील, असं मी पाकीट चिकटवण्याआधी शेडमध्ये जाऊन सुरजला विचारलं; अश्लेषाही तिथेच होती. तो म्हणाला, ‘मग आई बी न्हाई म्हणते, असं छापू. भावाभयनीची जोडी हुईल, खोक्यात घालून इकू.’ म्हणजे तू हो म्हणालीस तर मी सुटलो, आणि नाही म्हणालीस तर आपण दोघंही दिवाळीपर्यंत एका खोक्यात. मी म्हणालो, आणि ती काहीच बोलली नाही तर? त्यावर अश्लेषाने हातातली पेन्सिल खाली ठेवली आणि डोळे मिटले, त्या टोपीवाल्याने मिटले होते तसे. म्हणाली, गप्प बसलेली आई तर सगळ्यात जास्त खपेल. तेव्हा हिरे, विचार करत बसू नकोस, होच म्हण. आणि हो म्हणताना फोन स्पीकरवर ठेवू नकोस, ती पोरगी रेकॉर्ड करते.