टाकीचं टोपण

बुधवार, फेब्रुवारी १९६६

...बऱ्याच वर्षांपूर्वी एका सकाळी मी कंदिलाची काच पुसून डब्यातलं घासलेट ओतत होते. धार सारखी अडत होती. हे अंघोळ करून आले नि म्हणाले, "अगं, डब्याला वर दुसरं भोक पाड. वारा आत गेल्याबिगर तेल भायेर कसं येईल?" हे वारल्यावर इतक्या दिवसांनी आज ते एकदम आठवलं.

कारण त्यांची फटफटी आज मिरजेच्या रेल्वे फाटकात, रुळांवरच बंद पडली. वर माझा रमेश. गाडी यायची वेळ. फाटकवाल्यानं ढकलून बाहेर काढली. आणि हा हसत सांगतो, "टाकीचं टोपण काढून बघितलं तर पेट्रोल भरपूर. किक मारली की चालू." रोज असंच होतं म्हणे.

टोपण काढलं की चालू. मग खोट टोपणातच नसेल? त्यावरचं बारीक भोक मातीनं बुजलंय. मी बोलले तर म्हणाला, "आई, ती काय घासलेटचा डबा हाय व्हय?"

उद्या पुन्हा त्याच फाटकातून कामावर जाणार. मला यंत्रातलं काय कळतं? पण ते रूळ डोळ्यांपुढून हलत नाहीत.

गुरुवार

तो उठायच्या आत सुईनं टोपणाचं भोक मोकळं केलं, आणि त्याच्या मागं बसून मिरजेपर्यंत गेले. फाटकातसुद्धा फटफटी अडली नाही.