दुसरी सीडी

शनिवार, १२ ऑक्टोबर २००२

दुरुस्ती. परवाच्या नोंदीत मी 'आजवर सत्तावीस भुताचे सिनेमे पाहिले' असं लिहिलं आहे. ते चूक. सव्वीस. एक दाताच्या डॉक्टरचा निघाला.

नियम आईचा. रास अल खैमाला बाबांच्या साइटजवळ शाळा नव्हती, म्हणून चौथीपर्यंत आईनेच जेवणाच्या टेबलावर शिकवलं. चुकलं तर खोडायचं नाही, खाली नवी तारीख घालून बरोबर काय ते लिहायचं. आता चोवीस वर्षांची झाले, तरी खोडरबर हातात घेतला की छातीत धडधडतं.

समोरच्या फ्लॅटमधल्या सुजातावहिनी आल्या होत्या. शाळेत सगळी मुलं हॅलोवीन हॅलोवीन करतायत, त्यामुळे ३१ला त्या घरीच पार्टी ठेवणार आहेत. "ईश्वरी, हा तुझा प्रांत. सिनेमे, सिरियली, म्युझिक, तुझं आवडतं जे काय भुताखेताचं असेल त्याची यादी करून दे."

माझा प्रांत कसा झाला, ते लिहून ठेवते. दुबईत, जबल अलीच्या ऑफिसात मायक्रोवेव्ह वाजला आणि मी ओरडले. सगळे हसले. परतताना कंपनी बसमध्ये मी सांगितलं की मी तर दर आठवड्याला भुताचा सिनेमा बघते. हे खोटं ठरू नये म्हणून त्याच संध्याकाळी पहिला आणला. तेव्हापासून एकही आठवडा चुकवलेला नाही.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

यादी तयार. ऑफिसच्या प्रिंटरवर काढली (स्वतःचा कागद नेऊन). त्यातलं थोडं इथे:

जिन्यावाला सिनेमा. नवविवाहित जोडपं, सुंदर जिना. शेवटी जिन्याला नवा रंग देतात.

पियानोवाला. आजोबा वारतात, पण पियानो नातीला मिळतो. समाधानकारक शेवट.

गुरुवारची मालिका. शीर्षकगीत अप्रतिम. पुढे मालिकाही असते.

संगीत: वरीलच शीर्षकगीत. आवाज बेताचा ठेवावा.

लोक अशा सिनेमांना इतके का घाबरतात, मला कळत नाही. बहुतेक शेवटी माणसं नव्या घरात नीट स्थिरावतात. मनाची तयारी हवी, एवढंच.

एक बारीकशी गोष्ट. सिनेमा दोन सीड्यांवर येतो. मी पहिली बघते. ती संपते तिथे गोष्ट बऱ्यापैकी पूर्ण झालेली असते. दुसरीत नावं वगैरे असणार. यादीवर मी 'पाहिलेले' लिहिलंय, 'पूर्ण पाहिलेले' लिहिलेलं नाही. तीनदा तपासलं.

रविवार, २० ऑक्टोबर

पियानोवाला सिनेमा परत करायला खाली व्हिडिओच्या दुकानात. काउंटरवर नेहमीप्रमाणे शौकतभाई. मूळचे हर्णैचे, आमच्याशी मराठीतच बोलतात. विचारलं, "शेवट कसा वाटला, बाय?"

जबरदस्त, अंगावर काटा आला, असं सांगितलं.

"दुसरी सीडी बरोबर चालली ना?"

एकदम क्लिअर, म्हटलं. डबा बंद करत म्हणाले, "छान, छान." भला माणूस.

शनिवार, २६ ऑक्टोबर

वहिनींनी विचारलं, यादीतला कुठला लावू? मुलं सहा ते दहा वर्षांची. मी बंगल्यावाला सुचवला. कुटुंब बंगल्यात राहायला येतं, मुलीला स्वतंत्र खोली मिळते, तिच्या वाढदिवसाचा केक येतो. मुलांना केक आवडतो. शिवाय त्यांच्या मिहिकाचा आठवा वाढदिवस ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे विषयही जुळतो.

"शेवटपर्यंत पाहिलायस ना गं तू?"

मी म्हणाले, "वहिनी, दोनदा."

(पहिली सीडी दोनदा पाहिली आहे. हे खरं आहे.)

गुरुवार, ३१ ऑक्टोबर. संध्याकाळी ७.४०

पार्टी झाली.

पहिली सीडी उत्तम गेली. मुलं कंटाळली होती, एवढंच. वहिनींनी दुसरी घातली तेव्हा मी पॉपकॉर्न करायला स्वयंपाकघरात गेले. पन्नास मिनिटं पॉपकॉर्न केले. तीन पातेली भरली. चौथ्याच्या वेळी बाहेर किंकाळी ऐकू आली, ती सिनेमातली असावी असं मला वाटलं.

बाहेर आले तर सोफा रिकामा. अकरा मुलं डायनिंग टेबलाखाली. दुसऱ्या मजल्यावरचा तनिष तेवढा बोलण्याच्या स्थितीत होता. म्हणाला, "आंटी, द केक वॉज ब्रीदिंग." मिहिका बोलतच नव्हती.

वहिनी म्हणाल्या, "ईश्वरी, अगं तू दोनदा पाहिलायस ना हा?"

सगळ्या आया माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणाले, "हा तो नव्हेच. शौकतभाईंनी दुसऱ्याच सिनेमाची सीडी घातलेली दिसते."

उद्या सगळं स्पष्ट सांगायचं.

शुक्रवार, १ नोव्हेंबर

दुरुस्ती. काल 'मी म्हणाले' असं लिहिलंय. 'माझ्या तोंडून निघालं' हे जास्त बरोबर. (दुपारी पुन्हा वाचलं. नाही. मी म्हणाले.)

दुरुस्ती दोन. सव्वीस सिनेमे अर्धे अर्धे पाहिले, म्हणजे एकूण तेरा.

सुजातावहिनींनी दुकानाच्या मालकाला फोन केला. मुलांच्या घरी असली सीडी देता, लाज नाही वाटत का, असं विचारलं. आता बिल्डिंगमधलं कुणीही शौकतभाईंकडे जाणार नाही, असं ठरलं. ठरवायला मलाही बोलावलं होतं. मी चहा केला.

उद्या, २ तारखेला, नक्की.

शनिवार, २ नोव्हेंबर

आज धनत्रयोदशी. सणासुदीला कुणाच्या दारात जाऊन असलं बोलू नये. आईला विचारलं असतं तर तिनेही हेच सांगितलं असतं. म्हणून विचारलं नाही.

नवी तारीख: मंगळवार, ५ नोव्हेंबर. पाडवा. चांगल्या कामाला मुहूर्त पाहायला लागत नाही.

सोमवार, ४ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. मिहिका फराळाचं ताट घेऊन आली. दार उघडल्यावर ताट हातभर लांब धरून उभी. करंजीकडे बोट दाखवून हळूच विचारलं, "ईश्वरीताई, इज इट ब्रीदिंग?"

नाही गं, आत सारण आहे, म्हटलं. तिने मान हलवली, पण ताट माझ्या हातात देऊन पळाली.

मागून वहिनी आल्या. म्हणाल्या, वाढदिवसच नको म्हणते. केक घरात आणलात तर मी बाल्कनीत राहीन म्हणते. "त्या मेल्या शौकतला काय जातंय! माझ्या पोरीचा वाढदिवस गेला."

मी म्हटलं, हो ना.

'हो ना' असं म्हटलं. लिहून ठेवते आहे, कारण हे मी केलं.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

आधी शौकतभाईंची माफी, मग वहिनींकडे, असा क्रम ठरवला. क्रम महत्त्वाचा. दुकानात कुणी नव्हतं. खोक्यांवर ते चिकटपट्टी लावत होते. मालकाने त्यांना अजमानच्या गोदामात पाठवायचं ठरवलंय. शनिवारी सकाळी आठला पिकअप येणार. मोजणीचं काम, गिऱ्हाइकांशी बोलायचं नाही.

मी तोंड उघडलं आणि म्हटलं, नवीन काही आलंय का?

शौकतभाई हसले. म्हणाले, "बाय, एक सांगू? त्या पियानोवाल्याच्या डब्यात दुसरी सीडी सा महिने कॅरमच्या स्पर्धेची होती. चार गिऱ्हाइकं बोंबलत परत आली. तुम्ही म्हणालात, अंगावर काटा आला."

मला खाली बसावंसं वाटलं. बसायला खोकी होती, पण ती त्यांच्या सामानाची.

म्हणजे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. मालक ओरडत होता तेव्हाही. मग सांगितलं का नाहीत, विचारलं.

"कोणाला? तुमच्या वहिनीस? त्या तुमचा शब्द मानतात. म्हटलं, आईने घरी बसून शिकवलेली पोर आहे, आज ना उद्या स्वतःच बोलेल."

सांगणारच आहे, म्हटलं.

ते चिकटपट्टी दाताने तोडत म्हणाले, "इन्शाल्ला. कधी?"

शुक्रवार, ८ तारखेला, सांगितलं. मिहिकाच्या वाढदिवसाला, सगळ्यांसमोर. आणि एक सिनेमा घेऊन घरी आले. त्यांनीच दिला, नको म्हणता येईना.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

विचार केला की मिहिकाला शेवट नीट समजावून सांगायचा, तर तो आधी आपण बघायला हवा. बंगल्यावाला पार्टीपासून माझ्याकडेच आहे. दुपारी, पडदे उघडे, आई शेजारी वाटाणे सोलत. दुसरी सीडी.

चौथ्या मिनिटाला मी डोळे मिटले. आईने वाटाणे सोलता सोलता शेवटपर्यंत पाहिला. म्हणाली, "केकच्या आत काही नव्हतं. खालून कुणीतरी पंप मारत होतं, नळी दिसली की ढळढळीत. एवढ्यावर का त्या शौकतला गोदामात धाडतायत?"

आईने वाटाण्यांचं पातेलं उचललं आणि जाताना माझ्याकडे पाहिलं. लहानपणी बेरीज चुकल्यावर बघायची, तसं.

दुरुस्ती. पूर्ण पाहिलेले सिनेमे: शून्य.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर. संध्याकाळी ७.१०

साडेपाचला गेले. केकऐवजी कलिंगड. मिहिकाने आधी ते कानाशी धरून ऐकलं, मग हात लांब ठेवून कापलं. टाळ्या झाल्या. मी पुढे झाले आणि म्हटलं, मला काहीतरी सांगायचंय.

तनिष म्हणाला, "इज इट स्केअरी?"

मी म्हटलं, कलिंगड गोड आहे.

पंपाचं मात्र मिहिकाला कानात सांगितलं. तिने मला डोळ्यांत डोळे घालून विचारलं, "डिड यू सी इट?" आईने पाहिलं, म्हटलं. तिचा विश्वास बसला. आईवर.

आता घरी आहे. वहिनींचं दार समोरच, चार पावलांवर. आतून कपबशा धुतल्याचा आवाज येतोय. वर २ तारीख आहे, ५ आहे, ८ आहे. खोडलेली एकही नाही, नियम मी तंतोतंत पाळलेला आहे. या नियमाने माणूस जन्मभर नवी तारीख घालू शकतो, हे आईच्या लक्षात आलं नसावं.

वहिनींना घेऊन खाली जायचं, आठच्या पिकअपपाशी. शौकतभाईंच्या समोर सांगायचं, मग मालकाला फोन, तोही त्यांच्यासमोर. पान संपत आलंय, खाली एकच ओळ उरली आहे. त्याखाली काही लिहिता येणार नाही.

शनिवार, ९ नोव्हेंबर, सकाळी साडेसात.